रोलपासून मेमरी कार्डापर्यंत : रायपुरातील हौशी छायाचित्रकाराचा प्रवास

छायाचित्रण हा छंद आपल्या देशात मुख्यत्वे नोकरदारांनी आणि व्यावसायिकांनी फावल्या वेळात जोपासला, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा समावेश होता. व्यवसायाने ते वैद्यक, परंतु कॅमेऱ्याची त्यांना मनापासून आवड होती. पुढे भारतातील श्रेष्ठ छायाचित्रकार म्हणून कीर्ती मिळविलेले राजा दीनदयाळ हे मूळचे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकर. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि नोकरी सांभाळून मध्य भारतातील वास्तूंची चित्रे टिपण्यास प्रारंभ केला. शनिवारी दुपारी कचेरी सुटल्यावर कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून बाहेर पडणारा आजचा हौशी छायाचित्रकार याच परंपरेचा वारस होय.

रायपूरसारख्या शहरात या परंपरेला एक मराठी पदरही आहे. १७५८ साली बिंबाजी भोसले रतनपूरला आले. तेव्हापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगढचा कारभार भोसल्यांशी जोडलेला होता. त्या काळात आणि त्यानंतर शिक्षण, वकिली, रेल्वे, बँका अशा निमित्तांनी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्रा येथून सुरू करणारे माधवराव सप्रे हे याच मराठी समाजातले. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी या वस्त्यांतील जुन्या घरांत आजही भिंतीवर काळ्या चौकटीतील पूर्वजांची छायाचित्रे दिसतात. कपाटात आल्बम असतात आणि बहुधा एखाद्या बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्हच्या पट्ट्या असतात. त्याच घरातील अलीकडची चित्रे मात्र संगणकात, मोबाइलमध्ये किंवा कुठे ठेवली ते न आठवणाऱ्या एखाद्या सीडीवर असतात. या दोन टोकांमधील अंतर कसे कापले गेले, त्यात काय मिळाले आणि काय गमावण्याचा धोका आहे, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

फिल्मच्या काळातील शिस्त

साठ आणि सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात येणारा पहिला कॅमेरा बहुधा आगफा क्लिक-३ असे. बडोद्याला तयार होणाऱ्या या साध्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाचा रोल बसे आणि त्यावर बारा चौरस चित्रे निघत. निवड करण्याजोगे फारसे काही नव्हते. ऊन असेल तर उन्हाचे चिन्ह आणि आभाळ असेल तर ढगाचे चिन्ह, एवढाच निर्णय घ्यावा लागे. उदकमंडलम् येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ नावाची स्वदेशी कृष्णधवल फिल्म बाजारात मिळू लागली. पुढे हा कारखाना बंद पडला, तरी एका पिढीने छायाचित्रणाची बाराखडी त्याच फिल्मवर गिरविली.

छंद मुरू लागला की पुढची पायरी ३५ मिलिमीटरच्या एसएलआर कॅमेऱ्याची असे. या प्रकारच्या कॅमेऱ्यात भिंगातून येणारा प्रकाश आरशावर पडून डोळ्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे फिल्मवर जे उमटणार तेच चित्र आधी दिसते. पेंटॅक्स के-१००० हा कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत जवळजवळ न बदलता तयार होत राहिला, यावरून त्या काळच्या यंत्रांचे आयुष्य किती मोठे असे याची कल्पना यावी. त्यात बॅटरी लागे ती केवळ प्रकाशमापकापुरती. ती संपली तरी शटर चालत असे.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. एका रोलमध्ये छत्तीस चौकटी. फिल्मची संवेदनक्षमता १००, २०० किंवा ४०० अशा अंकाने दर्शविली जाई. एकदा रोल भरला की छत्तीसही चित्रे त्याच संवेदनक्षमतेवर काढणे भाग असे. प्रकाशमापक नसेल तर अनुभवी मंडळी एक साधा आडाखा वापरीत : स्वच्छ उन्हात छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या अंकाएवढा धरावा, म्हणजे १०० अंकाच्या फिल्मसाठी साधारण १/१२५ सेकंद. रायपूरच्या डिसेंबरातील निरभ्र दुपारी हा आडाखा सहसा चुकत नसे.

चित्र कसे आले हे कळण्यास मात्र आठवडा, प्रसंगी महिनाही लागे. रोल पूर्ण व्हावयाचा, तो धुण्यास द्यावयाचा आणि मग छपाईची वाट पाहावयाची. पारदर्शक स्लाइडची फिल्म असेल, तर छोट्या शहरांतील छायाचित्रकाराला ती मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावी लागे. या विलंबामुळे जाणत्या हौशी मंडळींना वही ठेवण्याची सवय लागली. चौकट क्रमांक, स्थळ, वेळ, छिद्र आणि वेग यांची नोंद करावयाची आणि चित्रे हाती आल्यावर वही समोर ठेवून तपासावयाचे की कोणत्या निर्णयाचे फळ काय मिळाले. ज्यांनी घरातील न्हाणीघराला काळे कापड लावून डार्करूम केली, त्यांना तर डेव्हलपरच्या तबकात कोऱ्या कागदावर चित्र हळूहळू उमटताना पाहण्याचे सुख लाभले. त्या सुखाचे वर्णन जुनी मंडळी आजही आवर्जून करतात.

हवामानाचीही एक शिस्त होती. रायपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उष्णतेने फिल्मवरील रसायने बिघडतात. म्हणून न वापरलेले रोल शीतकपाटात ठेवीत. वापरण्यापूर्वी काही तास ते बाहेर काढून ठेवावे लागत, कारण थंड रोलचा डबा लगेच उघडल्यास त्यावर दव धरते. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढण्याची भीती असे. त्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय तेव्हा होता आणि आजही तोच आहे.

प्रकाशाचे अंकांत रूपांतर

डिजिटल कॅमेऱ्याचा उगम फिल्मच्या जगातच झाला, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती कल्पिली. तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठतो आणि तो क्रमाने मोजता येतो. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने अशी चकती वापरून पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलोहून अधिक होते, चित्र कृष्णधवल होते आणि त्यात बिंदू होते अवघे दहा हजार. ते चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत.

चकतीला स्वतःला रंग कळत नाही, कळते ती केवळ प्रकाशाची तीव्रता. ही अडचण कोडॅकमधीलच ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाने सोडविली. १९७६ मध्ये एकस्व मिळालेल्या त्याच्या रचनेत प्रत्येक बिंदूवर एका रंगाची सूक्ष्म गाळणी बसविलेली असते. निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर लाल आणि पाव बिंदूंवर निळी. मानवी डोळा हिरव्या प्रकाशातील बारकावे अधिक टिपतो म्हणून हिरव्याला दुप्पट वाटा. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने काढले जातात. आज आपल्या खिशातील मोबाइलही बहुतांशी याच तत्त्वावर रंग ओळखतो.

‘मेगापिक्सेल’ या शब्दाचा अर्थ दहा लाख बिंदू. तो आकडा जितका मोठा तितका कॅमेरा चांगला, असा समज रूढ आहे. साधा गुणाकार केला तर या समजाची मर्यादा कळते. उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू पुरतात. आल्बममधील चार बाय सहा इंचाच्या चित्रासाठी १२०० गुणिले १८००, म्हणजे सुमारे २२ लाख बिंदू लागतात. सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा ३००८ गुणिले २००० बिंदू देतो, त्यातून दहा बाय साडेसहा इंचाचे सुरेख चित्र निघते. त्यापुढील बिंदूंचा उपयोग मोठ्या छपाईसाठी किंवा चित्राचा भाग कापून घेण्यासाठी होतो. चित्राचा दर्जा भिंग, चकतीचे आकारमान, प्रकाश आणि छायाचित्रकाराचा हात यांवर अधिक अवलंबून असतो.

संक्रमणाची दहा वर्षे

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर हे जिल्ह्याचे शहर राजधानी झाले. नेमक्या त्याच दशकात छायाचित्रणाचे साधनही पालटले. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला, पण तो व्यावसायिकांपुरता होता. २००३ मध्ये कॅननचा ३००-डी आणि २००४ मध्ये निकॉनचा डी-७० हे सहा मेगापिक्सेलचे एसएलआर कॅमेरे आले आणि हौशी माणूस डिजिटलकडे गंभीरपणे पाहू लागला. जानेवारी २००६ मध्ये निकॉनने बहुतेक फिल्म कॅमेऱ्यांचे उत्पादन थांबवीत असल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये कोडॅकने १९३५ पासून चालत आलेली कोडाक्रोम ही स्लाइड फिल्म बंद केली. तिचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने न्यूयॉर्कमध्ये आणि आपल्या भारतात वापरला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत डिजिटल कॅमेरा जन्मला, तिचाच फिल्मचा व्यवसाय त्याने बुडविला.

हौशी माणसाने हे स्थित्यंतर एका उडीत केले नाही. बहुतेकांनी तीन पायऱ्या ओलांडल्या. पहिल्या पायरीवर कॅमेरा फिल्मचाच राहिला, मात्र स्टुडिओवाल्याकडून चित्रांची सीडी करून घेण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या पायरीवर खिशात मावणारा दोन-तीन मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घरात आला, तो कौटुंबिक प्रसंगांसाठी. मनापासूनचे काम तेव्हाही फिल्मवरच होई. तिसऱ्या पायरीवर डिजिटल एसएलआर आला आणि जुना कॅमेरा कपाटात गेला.

या तिसऱ्या पायरीवर जुन्या भिंगांचा प्रश्न उभा राहिला. निकॉनने १९५९ पासून भिंग बसविण्याची खोबण मूलतः तीच ठेवली होती आणि पेंटॅक्सने १९७५ पासून. त्यामुळे त्यांच्या अनेक जुन्या भिंगांना नव्या कॅमेऱ्यावर काही मर्यादांसह जागा मिळाली. कॅननने १९८७ मध्ये खोबण बदलली होती, म्हणून त्यापूर्वीची भिंगे निरुपयोगी ठरली. शिवाय परवडणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांतील चकती फिल्मच्या चौकटीहून लहान असे. तिच्यावर चित्राचा केवळ मधला भाग पडतो. परिणामी निकॉनवर ५० मिलिमीटरचे भिंग ७५ मिलिमीटरसारखे भासू लागले. बारनवापारा अभयारण्यात प्राणी-पक्षी टिपणाऱ्याला हा लाभच वाटला. उलट राजिमच्या मेळ्यातील संपूर्ण घाट एका चौकटीत घेऊ पाहणाऱ्याला नवे विशालकोनी भिंग विकत घ्यावे लागले.

हिशेबाची बाजू

डिजिटल आले आणि छायाचित्रण स्वस्त झाले, असे सर्रास म्हटले जाते. बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर फिल्मचा खर्च हा मुख्यतः चालू खर्च होता आणि डिजिटलचा खर्च हा भांडवली खर्च आहे. दोहोंची तुलना करताना काळ किती धरला यावर उत्तर अवलंबून असते.

उदाहरणादाखल गोल आकडे घेऊ. समजा, एक रोल १०० रुपयांचा, धुलाई ३० रुपये आणि छत्तीस चित्रांची छपाई प्रत्येकी ४ रुपयांप्रमाणे १४४ रुपये. एका रोलचा एकूण खर्च २७४ रुपये, म्हणजे प्रत्येक चौकटीमागे साडेसात रुपयांहून थोडा अधिक. महिन्याला दोन रोल वापरणाऱ्याचा वार्षिक खर्च ६,५७६ रुपये होतो. त्याने कॅमेरा, भिंग आणि कार्ड मिळून ६० हजार रुपये गुंतविले, तर केवळ रोलच्या बचतीतून ते वसूल होण्यास नऊ वर्षे लागतील. तोवर कॅमेऱ्याची किंमत घसाऱ्याने जवळजवळ नाहीशी झालेली असेल. याउलट महिन्याला दहा रोल वापरणाऱ्याचा वार्षिक खर्च ३२,८८० रुपये, म्हणून त्याची गुंतवणूक दोन वर्षांच्या आत भरून निघते. म्हणूनच लग्नकार्याचे व्यावसायिक छायाचित्रकार आधी वळले, आणि बेताने चित्रे काढणारा हौशी माणूस काही काळ फिल्मवरच थांबला. त्याचे हे थांबणे केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हते, त्यात व्यवहारही होता.

मात्र या ताळेबंदात एक नोंद आकड्यांत मांडता येत नाही. डिजिटलमध्ये पुढच्या एका चित्राचा खर्च शून्यावर येतो. रतनजोत पेटल्यासारखा मावळतीचा प्रकाश बुढा तलावाच्या पाण्यावर पसरलेला असताना फिल्मवाला तीन चौकटी काढून थांबे, कारण रोल उद्यासाठीही हवा असे. डिजिटलवाला तीस काढतो, तेथल्या तेथे पाहतो, चूक सुधारतो आणि पुन्हा काढतो. शिकणाऱ्याला यासारखा दुसरा गुरू नाही. पूर्वी वहीत जे लिहावे लागे ते छिद्र, वेग, संवेदनक्षमता, दिनांक आणि वेळ कॅमेरा स्वतःच प्रत्येक चित्रासोबत नोंदवून ठेवतो.

नव्याने शिकावे लागलेले चार धडे

फिल्ममध्ये तयार झालेल्या हाताला डिजिटलसाठी काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. त्यांतील चार महत्त्वाच्या येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल.

पहिला धडा उजेडाचा. रंगीत निगेटिव्ह फिल्म अधिक प्रकाश सहन करते, म्हणून जुने छायाचित्रकार सावलीकडे पाहून एक्स्पोजर ठरवीत. डिजिटल चकतीचे वर्तन स्लाइड फिल्मसारखे असते. एकदा पांढरा भाग मर्यादेबाहेर गेला की त्यातील तपशील पुन्हा मिळत नाही. भर उन्हात शुभ्र धोतर किंवा चुन्याची भिंत टिपताना उजळ भागाकडे पाहून एक्स्पोजर ठरवावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावरील आलेख उजव्या कडेला जाऊन चिकटत नाही ना, हे पाहावे.

दुसरा धडा अंधाराचा. महानदीच्या काठी सिरपूर येथे सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर आहे. अशा मंदिरांच्या अंतर्भागात शटर काही सेकंद उघडे ठेवावे लागते. दीर्घ वेळेत फिल्मची संवेदनक्षमता घटते, म्हणून हिशेबापेक्षा अधिक वेळ द्यावा लागे. डिजिटल चकतीला ही घट लागू नाही, पण दीर्घ वेळेत तिच्यावर रंगीत ठिपके उमटतात. तिपाई दोन्हीकडे सारखीच आवश्यक. संवेदनक्षमता प्रत्येक चित्रागणिक बदलता येते, ही मात्र डिजिटलने दिलेली मोठी मोकळीक होय.

तिसरा धडा धुळीचा, आणि तो रायपूरकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. उरला व सिलतरा या औद्योगिक भागांतील स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे येथील हवेतील बारीक काळी धूळ सर्वांच्या परिचयाची आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात धुळीचा कण शिरला तर तो सहसा एका चौकटीपुरता त्रास देई, कारण प्रत्येक चित्राला नवी फिल्म पुढे येई. डिजिटल कॅमेऱ्यात चकती कायमची तीच. एकदा बसलेला कण प्रत्येक चित्रातील आकाशात त्याच जागी डाग होऊन दिसत राहतो. भिंग बदलताना कॅमेरा बंद करावा, त्याचे तोंड खाली धरावे आणि उघड्यावर, वाऱ्यात ते काम करू नये. चकतीला कापड किंवा बोट कदापि लावू नये. हवेच्या रबरी फुग्याने भागले नाही तर जाणकाराकडून सफाई करून घ्यावी.

चौथा धडा कच्च्या चित्राचा. जेपेग या रूपात कॅमेरा स्वतःच रंग, तीव्रता ठरवून फाइल आटोपशीर करतो. रॉ या रूपात चकतीवरील मूळ नोंद तशीच मिळते आणि पुढील संस्कार आपण संगणकावर करावयाचे असतात. जुन्या भाषेत रॉ म्हणजे निगेटिव्ह आणि जेपेग म्हणजे छापील प्रत. डार्करूममध्ये काम केलेल्यांना हा भेद लगेच उमगतो.

जतन : सर्वांत नाजूक प्रश्न

या स्थित्यंतराचा खरा कस येथे लागतो. रायपूरने गेल्या पंचवीस वर्षांत आपला चेहरा पालटला. धमतरी-राजिमकडे जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीच्या जागी शहरात आता द्रुतगती मार्ग आहे. तेलीबांधा तलावाचा काठ ओळखू येणार नाही इतका बदलला आहे. १९७५ मधील ते जुने रूप ज्या कोणाच्या कृष्णधवल निगेटिव्हवर आहे, ते आजही प्रकाशासमोर धरले की दिसते. त्यासाठी वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, पासवर्ड लागत नाही. २००३ मधील बदलते रूप मात्र ज्या सीडीवर किंवा जुन्या संगणकात ठेवले होते, त्यांतील पुष्कळशी चित्रे आज उघडत नाहीत. घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगाचा थर उष्णता आणि उजेड यांनी बिघडतो. हार्ड डिस्कमधील फिरते भाग झिजतात. जुनी कार्डे वाचणारी साधने दुर्मीळ झाली आहेत. म्हणजेच पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रांपेक्षा वीस वर्षांपूर्वीची चित्रे अधिक धोक्यात आहेत.

फिल्मही अमर नाही. रंगीत निगेटिव्हचे रंग फिके होतात, आणि ओल व उष्णतेने काही फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊन ती आक्रसते. असा वास आलेल्या पट्ट्या ताबडतोब वेगळ्या कराव्यात आणि प्रथम त्यांचीच प्रत काढावी. ३५ मिलिमीटरची चौकट २४०० बिंदू प्रति इंच या प्रमाणात स्कॅन केली तर सुमारे ७७ लाख बिंदूंची फाइल मिळते, तीतून अकरा इंच लांबीचे चित्र छापता येते. स्कॅन झाले म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देऊ नये. ते आम्लरहित कागदी पाकिटांत, कोरड्या व शक्य तितक्या थंड जागी ठेवावे.

डिजिटल चित्रांसाठी जगभर मान्य असलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरील साठवणीत ठेवता येईल. महत्त्वाच्या चित्रांची एक हार्ड डिस्क हवाबंद पिशवीत घालून बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी ठेवण्यासही हरकत नाही. मात्र वर्षातून एकदा ती बाहेर काढून चालवून पाहावी आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावी. मुदत ठेवीचे नूतनीकरण आपण जसे लक्षात ठेवतो, तसेच हे नूतनीकरणही दैनंदिनीत लिहून ठेवावे. निवडक शे-दोनशे चित्रे दरवर्षी कागदावर छापून घ्यावीत. साधनांच्या सर्व बदलांत आजवर कागदी चित्रानेच चांगली साथ दिली आहे.

आणखी एक काम यंत्रावर सोपविता येत नाही. चित्र १/२५० सेकंदाने, एफ-८ छिद्राने, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी काढले हे कॅमेरा नोंदवितो. परंतु अंगणात तांदूळ निवडीत बसलेली ती वृद्ध स्त्री कोण, मागे उभा असलेला मुलगा कोणाचा, ते घर कोणत्या पाऱ्यातले, हे त्याला ठाऊक नसते. पूर्वी आल्बममधील चित्राच्या पाठीवर शाईने नावे लिहिण्याची पद्धत होती. तीच नावे आज फाइलच्या नावात आणि माहितीच्या रकान्यात लिहिली पाहिजेत. ‘२००३-०२-राजिम-मेळा-०१२’ असे नाव दिलेली फाइल वीस वर्षांनी सापडते. ‘डीएससी-०४१७’ हे नाव कोणालाच काही सांगत नाही.

आजची स्थिती

एसएलआर हाही आता मुक्कामाचा कॅमेरा उरलेला नाही. २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे आले आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्या त्या मार्गाला मोठ्या चकतीच्या कॅमेऱ्यांसह लागल्या. नित्याची चित्रे तर बहुतेक मंडळी मोबाइलवरच काढतात. दुसरीकडे फिल्मने पुन्हा डोके वर काढले आहे. कोडॅकने एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये नव्याने आणली आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. रोलची किंमत आता चांगलीच वाढली आहे. तरीही महिन्यातून एखादा रोल काढणाऱ्या तरुणांना छत्तीस चौकटींचे बंधन शिकविते असा अनुभव येतो. घरात जुना कॅमेरा असेल तर तो भंगारात देण्यापूर्वी त्यातील बॅटरी काढावी, भिंगावर बुरशी आहे का पाहावे आणि शटर चालते का ते तपासावे. यांत्रिक कॅमेरे बहुधा दुरुस्त होतात.

साधन कोणते वापरावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा आणि खिशाचा प्रश्न आहे. जतनाचे काम मात्र निवडीवर सोडता येण्याजोगे नाही, कारण चित्रांतील माणसे ओळखणारी घरातील वडीलधारी मंडळी नेहमीच आपल्यासोबत असणार नाहीत. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांच्या सभागृहात एखाद्या रविवारी जुने आल्बम घेऊन सर्वांनी एकत्र यावे, तरुणांनी स्कॅन करावे आणि ज्येष्ठांनी नावे सांगावीत, असा उपक्रम कोठेही सहज करता येईल. तोवर आपण आपल्या घरापासून आरंभ करू या. या दिवाळीच्या साफसफाईत तो बिस्किटांचा डबा खाली काढावा, घरातील ज्येष्ठांना शेजारी बसवावे आणि पहिल्या दहा चित्रांची नावे, गावे व वर्षे लिहून काढावीत, अशी आमच्या सर्व वाचकांना नम्र विनंती आहे.